अर्ध्यावर थांबणारं लग्न

लग्नाची डीव्हीडी लॅपटॉपमध्ये घातली, फोल्डर उघडलं, त्यातली मोठी दिसणारी फाइल डबल क्लिक करून लावली. देवक बसलं, हळद झाली, नवरा मुलगा हॉलवर आला, अंतरपाट धरला आणि दुसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्येच चित्र बंद पडलं. पुढे काही नाही. बहुतेक घरांत यावर एकच निकाल लागतो, डिस्क गेली म्हणून. मग ती पुन्हा कपाटात जाते आणि तिथेच राहते.

डिस्क गेलेली नसते. ती फाइल तिथेच संपते आणि पुढचं लग्न शेजारच्या फाइलीत असतं. ते शेजारचे तुकडे ओळखायचे कसे, सलग लावायचे कसे आणि चित्राची नासाडी न करता एका फाइलीत आणायचे कसे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

मुंबईतल्या कॉटन ग्रीन, काळाचौकी, अभ्युदयनगर, लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतंच. इथल्या चाळी आणि वसाहतींमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला नाही असं घर नाही. काही जण संक्रमण शिबिरात गेले, काही भाड्याने डोंबिवली-विरारला. घर सोडायचं म्हणजे पोटमाळा उतरवायचा, आणि पितळेची भांडी, जुन्या गाद्या, गणपतीची मखरं यांच्यासोबत सीड्यांची पिशवी खाली येते. साधारण २००५ ते २०१५ या काळात स्टुडिओवाले शूटिंग डीव्हीडीवर देत. त्यामुळे त्या दहा वर्षांतलं बरंचसं घरगुती आयुष्य या पिशवीतच आहे. लग्न, बारसं, एकसष्टी, मंडळाची विसर्जन मिरवणूक, शिमग्याला गावच्या पालखीबरोबर नाचलेले काका, आणि आधीच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेलं आईवडिलांचं लग्न. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी केलेले नमनाचे, शक्ती-तुऱ्याचे प्रयोगही याच पिशव्यांत सापडतात. परळचं १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. तिथे झालेल्या प्रयोगाची डीव्हीडी कुणाकडे असेल, तर ती आता एका घरापुरती राहिलेली नाही.

फोल्डरमध्ये काय असतं

डिस्क उघडली की दोन फोल्डर दिसतात, ऑडिओ_टीएस आणि व्हिडिओ_टीएस. पहिलं बहुधा रिकामं असतं. ते पाहून आवाज गेला असं समजू नका. ते डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी ठेवलेलं असतं आणि आपल्या कामाचं नाही. सगळा माल दुसऱ्यात आहे.

त्यात तीन तऱ्हेच्या फाइली असतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी व्हीओबी येतं त्यांत चित्र आणि आवाज असतो. आयएफओ म्हणजे अनुक्रमणिका: कुठला भाग कधी सुरू होतो, कशानंतर काय लावायचं, मेन्यूतलं कुठलं बटण कुठे नेतं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. बीयूपी ही त्याच अनुक्रमणिकेची राखीव प्रत. आयएफओ वाचता आली नाही तर प्लेयर तिच्याकडे वळतो.

डीव्हीडी-व्हिडिओ १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्या नियमांत एक व्हीओबी फाइल एक जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. पुढचं चित्रण नव्या फाइलीत जातं. तासाभराची डिस्क असेल तर एक जीबीत अठरा-वीस मिनिटं मावतात, दोन तासांची असेल तर अर्ध्या तासाच्या आसपास. मंगलाष्टकं मध्येच तुटतात ती या हिशेबाने. कापताना यंत्र फक्त आकार बघतं, मुहूर्त बघत नाही.

नावांकडे मात्र नीट पाहा, कारण जोडण्याची सगळी गोम तिथे आहे. व्हीटीएस_०१_१, व्हीटीएस_०१_२, व्हीटीएस_०१_३ अशी ती असतात. मधला दोन अंकी आकडा संचाचा आणि शेवटचा आकडा तुकड्याचा. मधला आकडा सारखा असलेले तुकडे एकाच सलग चित्रणाचे असतात. ०१च्या जागी ०२ आलं की दुसरा संच सुरू झाला. स्टुडिओवाल्याने हळद एका संचात आणि लग्न दुसऱ्यात टाकलं असेल तर असं दिसतं. एका डिस्कवर असे ९९ संच बसू शकतात आणि एका संचात चित्रणाचे नऊ तुकडे. शेवटी शून्य असलेली फाइल, म्हणजे व्हीटीएस_०१_०, ही मेन्यूची: बदामात फिरणारे नवरा-नवरीचे फोटो आणि मागे सनई. ती जोडणीत घ्यायची नाही. घेतली तर लग्नाच्या सुरुवातीला तो बदाम तेवढा फिरत राहतो आणि पुढे आवाज-चित्राचा मेळ बिघडण्याची शक्यता असते.

आधी नुसतं लावून बघा

आताच्या बहुतेक लॅपटॉपना डीव्हीडीचा ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. घरात एकाने घेतला तर मजल्यावरच्या चार घरांचं काम होतं. तो थेट लॅपटॉपच्या खाचेत लावा. हबमधून लावला की वीज कमी पडते आणि डिस्क फिरून फिरून थांबते. पुष्कळदा हाच दोष डिस्कच्या नावावर जातो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने विंडोज मीडिया प्लेयरमधून डीव्हीडी लावण्याची सोय काढून टाकली. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीचं असतं, आणि त्या पद्धतीच्या परवान्याचे पैसे प्रत्येक प्रतीमागे मोजावे लागत. त्यामुळे नव्या संगणकावर डिस्क लागली नाही तर संगणक बिघडला असं नाही. व्हीएलसी नावाचा प्लेयर घ्या. पॅरिसच्या इकोल सेंट्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो निघाला, २००१ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि फुकट आहे. फक्त व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात आधी येणाऱ्या जाहिरातींतली ‘डाउनलोड’ची हिरवी बटणं भलतंच काही संगणकात घालतात. मॅकवाल्यांकडे डीव्हीडी प्लेयर आधीपासून असतो, तरी व्हीएलसी तिथेही चालतो.

व्हीएलसीत व्हीओबी फाइल उघडू नका, पूर्ण डिस्क उघडा. ‘मीडिया’ मेन्यूत ‘ओपन डिस्क’ निवडलं की तो आयएफओ वाचतो आणि तुकडे आपोआप एकामागून एक लावतो. त्यात मंगलाष्टकं तुटत नाहीत. डिस्क हार्ड डिस्कवर आधीच उतरवलेली असेल तर ‘ओपन फोल्डर’ने व्हिडिओ_टीएस हे फोल्डर दाखवा. मेन्यूवरच अडकून बसला तर ‘नो डिस्क मेन्यूज’ या चौकोनात खूण करा. ज्यांना एवढंच हवं आहे, म्हणजे आजीला एकदा लग्न दाखवायचं आहे, त्यांचं काम इथेच झालं. जोडाजोडीची गरज नाही.

बघताना दोन गोष्टी खटकतात. माणसं हलली की त्यांच्या कडांना आडव्या रेषांचे कंगवे दिसतात. ते चित्रण टीव्हीसाठी होतं. टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी रंगायचं, लॅपटॉपचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून हे होतं. व्हीएलसीत कीबोर्डवरचं डी दाबा, रेषा जातात. दुसरं म्हणजे नवरी जाड दिसणं. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, आणि जुनं शूटिंग चारास तीन या चौकटीतलं. ते रुंद पडद्यावर ताणलं गेलं की गाल पसरतात. ए दाबत गेलात की चौकट बदलत जाते. चेहरे ओळखीचे दिसले की थांबा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

जोडण्याआधी कॉपी

इथे माझा थोडा हट्ट आहे. बहुतेक जण डिस्क घालतात आणि लगेच ‘कन्व्हर्टर’ शोधायला लागतात. तसं करू नका. आधी डिस्क जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा, मग डिस्क बाजूला ठेवा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. पंधरा वर्षांची डिस्क आणखी किती वेळा नीट वाचली जाईल ते सांगता येत नाही. तिला दहा वेळा फिरवून प्रयोग करत बसण्यात शहाणपण नाही.

साधा मार्ग म्हणजे व्हिडिओ_टीएस हे अख्खं फोल्डर उचलून लग्नाच्या नावाने केलेल्या फोल्डरमध्ये टाकणं. आयएफओ आणि बीयूपी लहान दिसतात म्हणून वगळू नका. त्यांच्याशिवाय क्रम कळत नाही. यापेक्षा चांगला मार्ग आयएसओ. यात डिस्कची एकाच फाइलीत पूर्ण प्रतिमा होते. विंडोजवर इमेजबर्न हे जुनं पण कामाचं साधन आहे. ते बसवताना सोबत येणाऱ्या फालतू प्रोग्रामांना मात्र नकार देत जा. मॅकवर डिस्क युटिलिटी हेच काम करते. विंडोज ८ नंतरच्या संगणकावर आयएसओ डबल क्लिक केली की जणू खरी डिस्क घातली असं ती उघडते. एका साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं, म्हणजे एक टेराबाइटच्या बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये काठोकाठ भरलेल्याही दोनशेच्या वर डिस्क बसतील. एवढी लग्नं कुणाच्याच घरात झालेली नसतात.

कॉपी मध्येच अडकली आणि ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा काही संदेश आला, तर तो भाग वाचता आला नाही एवढाच त्याचा अर्थ. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. काठोकाठ भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटांचे ठसे, ओल, उत्पादनातला कच्चेपणा हे सगळं कडेलाच जास्त. म्हणून बिघडलेल्या डिस्कवर अक्षता नीट पडतात आणि पाठवणी अडकते. समुद्राजवळची आपली हवा यात भरच घालते. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्कला पावसाळ्यात पाकीट चिकटतं आणि ओढून काढताना डाग राहतो.

डिस्क पुसायची ती मऊ कोरड्या कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा वाचनाच्या दिशेनेच जातो आणि जास्त नुकसान करतो. डाग चिकट असेल तर साध्या साबणाचं पाणी चालेल. टूथपेस्ट आणि रॉकेलचे प्रयोग नकोत. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा निभावून जातो. सीडी आणि व्हीसीडीचं उलट असतं. त्यांचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. तिथे बॉलपेनने नाव कोरलं असेल किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला असेल तर माहितीही निघून येते.

पुसूनही जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. हा सल्ला फालतू वाटतो, पण सगळ्यात जास्त वेळा हाच लागू पडतो. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. शेजाऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपमधला धूळ खाणारा ड्राइव्ह कित्येकदा नव्यापेक्षा बरा निघतो. लिनक्सची ओळख असेल तर डीडीरेस्क्यू वापरा. कुठले भाग वाचले आणि कुठले राहिले याची तो नोंद ठेवतो, त्यामुळे एका ड्राइव्हने जमेल तेवढं वाचून उरलेलं दुसऱ्याने भरता येतं.

आता जोडणं

जोडण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत फरक मोठा आहे. एकात चित्राला हात न लावता तुकडे सलग केले जातात. दुसऱ्यात सगळं चित्र उलगडून पुन्हा नव्याने दाबलं जातं. दुसऱ्यात दर वेळी थोडी स्पष्टता जाते आणि तासन्‌तास लागतात. पहिला काही मिनिटांत होतो आणि एक ठिपकाही बदलत नाही. बाजारातले ‘व्हिडिओ जॉइनर’ बहुतेक दुसरं करतात, वर कोपऱ्यात आपलं नाव छापतात. ऑनलाइन जोडून देणाऱ्या साइट्सवर तर घरचं चित्रण चढवूच नका. चार जीबी चढता चढत नाही ते सोडा, पण बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ कुठल्या परक्या संगणकावर राहिला ते कुणाला माहीत?

माझी पहिली पसंती मेकएमकेव्ही. डीव्हीडीसाठी तो फुकट आहे. त्याला डिस्क, आयएसओ किंवा फोल्डरमधली व्हिडिओ_टीएस ही आयएफओ फाइल दाखवा. तो अनुक्रमणिका वाचतो आणि डिस्कवर कोणती शीर्षकं आहेत, प्रत्येक किती मिनिटांचं आहे, याची यादी देतो. हवं त्यापुढे खूण करा, कुठे ठेवायचं ते सांगा, बटण दाबा. प्रत्येक शीर्षकाची एक एमकेव्ही फाइल तयार होते, त्यातले प्रकरणांचे टप्पेही तसेच राहतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन मिनिटांपेक्षा छोटी शीर्षकं तो मुळात वगळतो, त्यामुळे साखरपुड्याची दीड मिनिटाची झलक यादीत दिसली नाही तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती मर्यादा कमी करा. आणि काही स्टुडिओवाले सुटे भाग देतात, शिवाय सगळं सलग लावणारं एक मोठं शीर्षकही. मग यादीत तेच लग्न दोनदा दिसतं. सुट्या भागांच्या मिनिटांची बेरीज मोठ्याइतकी आली तर फक्त मोठं घ्या.

अनुक्रमणिकाच खराब झाली असेल, किंवा कुणी पेनड्राइव्हवर नुसत्या व्हीओबी दिल्या असतील, तर मेकएमकेव्हीचा उपयोग नाही. तिथे एमकेव्हीटूलनिक्स चांगलं. त्यात व्हीटीएस_०१_१ ही एकच फाइल ओढून टाका. नावातला क्रम ओळखून पुढचे तुकडे तो स्वतःच मागे लावतो. इथे हमखास गफलत होते. हे माहीत नसल्याने लोक २, ३, ४ पण हाताने टाकतात आणि लग्न दोन-दोनदा लागतं. एव्हिडेमक्सही चालतो. पहिली व्हीओबी उघडली की पुढच्याही घेऊ का असं तो विचारतो, हो म्हणा. त्यात चित्र आणि आवाज दोन्हींसाठी ‘कॉपी’ निवडलेलं आहे ना, एवढं मात्र बघा. दुसरं काही निवडलं गेलं तर तो पुन्हा दाबायला लागतो.

काहीही न बसवता जोडायचं तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जुनी कॉपी ही आज्ञा आहे. कॉपी लिहायचं, मग स्लॅश आणि बी, मग तुकड्यांची नावं अधिकच्या चिन्हाने क्रमाने जोडायची, शेवटी नव्या फाइलीचं नाव. तो बी विसरला तर घोटाळा होतो. त्याच्याशिवाय जोडताना आज्ञा फाइलीला साधा मजकूर समजते आणि ‘इथे मजकूर संपला’ अशी खूण वाटणारं पहिलं अक्षर दिसलं की थांबते. मग चार जीबीच्या जागी काही केबीची फाइल हाती येते. लिनक्स आणि मॅकवर कॅट ही आज्ञा हेच काम करते.

या आंधळ्या जोडणीत एक अडचण राहते. एकाच संचाचे तुकडे असतील तर बहुतेक वेळा सगळं नीट लागतं. पण वेगवेगळे संच असे जोडले तर प्रत्येक संचाचं घड्याळ शून्यापासून सुरू झालेलं असतं. मग दीड तासाची फाइल प्लेयरमध्ये बारा मिनिटांची दिसते, पट्टी पुढे ओढली की भलतीकडेच उडी पडते, नाहीतर भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागून येतात. जोडलेली फाइल एकदा एमकेव्हीटूलनिक्समधून काढली की पुष्कळदा घड्याळ दुरुस्त होतं. न झालं तर प्रत्येक संचाची वेगळी एमकेव्ही करा आणि मग त्याच साधनातल्या ‘अपेंड फाइल्स’ने एकामागे एक लावा.

‘भाग १’ आणि ‘भाग २’ अशा दोन डिस्कही अशाच जोडता येतात, पण चित्राचा आकार आणि आवाजाचा प्रकार दोन्हींत सारखा असला तरच. एकाच स्टुडिओने केलेल्या असतील तर बहुधा सारखा असतो. माझं मत विचाराल तर नका जोडू. एका सलग चित्रणाचे यंत्राने केलेले तुकडे जोडावेत, पण हळद, लग्न आणि रिसेप्शन यांची साडेतीन तासांची एक फाइल केली की ती कुणीच बघत नाही. पाहुण्यांना रिसेप्शनमधले स्वतःचं दोन मिनिटांचं दर्शन हवं असतं, तेही सापडत नाही.

जोडून झाल्यावर मोबाइलवर, टीव्हीवर लावायला एमपी४ लागेल. ते काम हँडब्रेकचं. हा दुसऱ्या प्रकारचा, पुन्हा दाबणारा, प्रवास आहे. म्हणून तो शेवटी आणि एकदाच. एमकेव्ही दाखवा, तयार सेटिंगमधून ‘फास्ट ५७६पी २५’ घ्या, ‘फिल्टर्स’मध्ये डिइंटरलेस चालू करून ‘बॉब’ निवडा आणि ‘व्हिडिओ’मध्ये फ्रेमरेट २५ऐवजी ५० करा, म्हणजे मिरवणुकीतला लेझीमचा डाव झटके न खाता दिसेल. गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आकार वाढवून फोर-के करायच्या फंदात पडू नका. ५७६ ओळींत नसलेलं कुठून येणार? हल्लीची काही साधनं चेहरे गुळगुळीत करून देतात, आणि मग आत्या मेणाच्या बाहुलीसारखी दिसते.

पिशवीत व्हीसीडी निघाल्या तर त्यांचा मामला वेगळा. त्यांत चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, एमपेगएव्ही फोल्डरमध्ये डॅट नावाच्या फाइली, आणि एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास. मराठी नाटकांचे दोन-दोन डिस्कचे संच याच जातीचे. व्हीएलसी त्या लावतो, पण व्हीसीडीची आयएसओ नीट होत नाही, बिन आणि क्यू अशी जोडी करावी लागते. हँडीकॅमच्या छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डिस्क फटीतून डिस्क गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही घालू नका, अडकतात. त्या संगणकावर रिकाम्या दिसत असतील तर बहुधा फायनलाइज करायच्या राहिल्या आहेत. मूळ कॅमेरा चालू होत असेल तर त्यातच ते काम करा. नाहीतर आयसोबस्टरसारखं साधन त्या वाचू शकतं.

गावाला पाठवायचं तर

पेनड्राइव्हवर कॉपी करताना जागा असूनही ‘फाइल खूप मोठी आहे’ असं आलं तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही, आणि जोडलेली डीव्हीडी नेमकी त्याच्या आसपास असते. पेनड्राइव्ह एक्सफॅटने फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं काढून घ्या. गावच्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळत नसेल तर हँडब्रेकची एमपी४ पाठवा, ती एक-दीड जीबीत बसते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवाल तर तो स्वतः आणखी दाबतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, तिथे दोन जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवायची कल्पना सोयीची आहे, पण लग्नाच्या मिक्सिंगमध्ये स्टुडिओवाल्याने हिंदी सिनेमाची गाणी भरलेली असतात. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि दावा येतो, कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच दिसेनासा होतो. चित्रणाचा हक्क मात्र तुमचाच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन आपल्यासाठी करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो, वेगळा करार झालेला नसेल तर. बाजारातून घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीचं तसं नाही. तिच्यावर कुलूप असतं, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ए नुसार दुसऱ्याच्या हक्कावर अतिक्रमण करायच्या हेतूने ते तोडणं गुन्हा आहे. वर सांगितलेलं सगळं घरच्या डिस्कपुरतं.

कुणालाही पाठवण्याआधी जोडलेली फाइल तपासा. अख्खी बघायची गरज नाही. पहिले दोन तुकडे किती मिनिटांचे होते ते बघून त्या सांध्यांच्या अलीकडे-पलीकडे अर्धा-अर्धा मिनिट लावा, ओठ आणि आवाज जुळतात का पाहा, आणि शेवटची पाच मिनिटं पूर्ण बघा. नावात साल आधी घाला, मग प्रसंग, मग माणसं, म्हणजे यादी आपोआप वर्षांच्या क्रमाने लागते. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि घरातलं मोठं माणूस शेजारी बसवून कितव्या मिनिटाला कोण दिसतं ते तिच्यात टिपून घ्या. आयएसओ दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि दुसरी बहिणीकडे किंवा गावाला. एकाच माळ्यावरच्या दोन हार्ड डिस्क ओल लागली तर एकदमच जातात. मूळ डिस्क फेकायची घाई नको. प्लास्टिकच्या पाकिटातून काढून कागदी पाकिटात घाला, उभी ठेवा, आणि त्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नका.